मणक्यातले पाणी आणि मेंदूची तीन आवरणे

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाईक मंडळी जमली की एक वाक्य हमखास कानावर पडते : "काहीही करा, पण मणक्यातले पाणी तेवढे काढू देऊ नका." असे म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रुग्णाच्या काळजीपोटीच तो बोलत असतो. पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो, त्याचा मेंदू सुकतो, हा समज शिकलेल्या व न शिकलेल्या दोन्ही प्रकारच्या घरांत घट्ट रुजलेला आहे. त्यापायी संमतीपत्रावर सही अडते, दिवस जातात आणि आजार मात्र कोणासाठी थांबत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकुनी करणारे आम्ही. परंतु हे पाणी म्हणजे नेमके काय, ते कोठून येते, कोठे जाते आणि डॉक्टर ते का मागतात, हे समजून घेण्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून जे उमगले ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे सोप्या भाषेत ठेवीत आहोत.

तीन आवरणे

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅम वजनाचा असतो. हाताला तो मऊ, दह्याच्या घट्ट कवडीसारखा लागतो. एवढ्या नाजूक वस्तूला कवटीची हाडे हे बाहेरचे संरक्षण झाले. पण कठीण हाड आणि मऊ मेंदू एकमेकांना थेट भिडले असते तर साध्या धावण्यानेही इजा झाली असती. म्हणून या दोहोंच्या मध्ये एकाखाली एक अशी तीन आवरणे आहेत. शास्त्रीय मराठीत त्यांना तानिका म्हणतात.

सर्वांत बाहेरची ती दृढतानिका, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतील ड्यूरा मेटर. ही जाड, चिवट, कातड्यासारखी असून कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असते. तिचाच एक पडदा मेंदूच्या उजव्या व डाव्या अर्धगोलांच्या मध्ये उभा उतरतो आणि दुसरा मोठ्या व लहान मेंदूच्या मध्ये आडवा पसरतो. त्यामुळे डोके झटक्याने वळले तरी मेंदू आतल्या आत फार हेलकावे खात नाही. याच आवरणाच्या दोन थरांमध्ये मेंदूकडून परतणारे अशुद्ध रक्त वाहून नेणारे रुंद मार्ग आहेत. त्यांची आठवण ठेवावी, कारण पुढे आपले पाणी तेथेच जाऊन मिळणार आहे.

मधली ती जालतानिका. ही कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम असते. तिचे अ‍ॅरॅक्नॉइड हे नाव ग्रीक भाषेतील कोळी या अर्थाच्या शब्दावरूनच आले आहे. सर्वांत आतली मृदुतानिका अथवा पाया मेटर. ती इतकी पातळ असते की मेंदूच्या प्रत्येक घडीत, प्रत्येक खाचेत अंगाबरोबर बसते. जालतानिका मात्र खाचांत न शिरता वरून ताणलेली राहते. साहजिकच या दोन आवरणांच्या मध्ये एक फट उरते आणि या फटीतच ते सुप्रसिद्ध पाणी खेळत असते. हीच आवरणे व हीच फट मेंदूच्या खाली पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूभोवतीही अखंड चालू राहतात.

भाषेच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट मौजेची वाटेल. मेटर म्हणजे लॅटिन भाषेत आई. मेंदूच्या आवरणाला आई कोणी म्हटले? अरब वैद्यांनी. त्यांच्या भाषेत एखाद्या वस्तूचे दुसरीशी असलेले नाते दाखविण्यासाठी आई, बाप, मुलगा असे शब्द वापरण्याची पद्धत होती. बाराव्या शतकात अँटिऑकच्या स्टीफन याने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला तेव्हा त्याने त्या शब्दांचे सरळ भाषांतर केले, कठीण आई आणि मायाळू आई. आज जगभरचे डॉक्टर नकळत हीच नावे उच्चारतात.

पाण्याचा प्रवास

या पाण्याचे शास्त्रीय नाव मस्तिष्क-मेरुद्रव. निरोगी माणसात ते नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ व रंगहीन असते. त्यात थोडे क्षार, रक्तातील साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश साखर, अगदी अल्प प्रथिने आणि नाममात्र पेशी असतात.

मेंदू भरीव नाही. त्याच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या आहेत. या पोकळ्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे झालरीसारखे गुच्छ असतात आणि बहुतांश द्रव तेथे रक्तातूनच तयार होतो. उजव्या व डाव्या बाजूच्या दोन मोठ्या पोकळ्यांतून तो मधल्या तिसऱ्या पोकळीत येतो. तेथून चौथ्या पोकळीत जाण्यासाठी एकच वाट आहे. ती नळी जेमतेम दीड सेंटीमीटर लांब आणि आतून एक ते दोन मिलिमीटर रुंद असते. चौथ्या पोकळीला असलेल्या तीन छिद्रांतून द्रव बाहेरच्या फटीत उतरतो, मेंदूला व मज्जारज्जूला सर्व बाजूंनी वेढतो आणि शेवटी डोक्याच्या माथ्याशी जालतानिकेच्या बारीक कोंबांवाटे वर सांगितलेल्या रक्तमार्गांत परत जातो. काही भाग नाकाच्या वरच्या बाजूने आणि मज्जातंतूंच्या कडेने लसीकावाहिन्यांतही जातो.

आता आमच्या धंद्याच्या भाषेत हिशेब मांडतो. कोणत्याही क्षणी शिल्लक सुमारे १५० मिलिलिटर. म्हणजे एक लहान पेलाभर. दिवसभराची जमा सुमारे ५०० मिलिलिटर आणि खर्चही तेवढाच. याचा अर्थ चोवीस तासांत हे सगळे पाणी तीन ते चार वेळा पूर्णपणे बदलते. ताशी सुमारे २० मिलिलिटर नवे पाणी तयार होत असते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पाण्याचे पहिले काम म्हणजे मेंदूला तरंगत ठेवणे. विहिरीत बुडालेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते, हा अनुभव आपल्या आया-बहिणींना आहे. त्याच न्यायाने १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार या द्रवात सुमारे ५० ग्रॅमइतकाच उरतो. नाहीतर आपल्याच वजनाने मेंदूचा तळ दाबला गेला असता. दुसरे काम धक्के सोसण्याचे आणि तिसरे मेंदूतील निरुपयोगी द्रव्ये वाहून नेण्याचे.

हे ज्ञान माणसाला फार उशिरा झाले. पूर्वी शवविच्छेदनात आधी डोके वेगळे करीत आणि त्यातच हा द्रव वाहून जाई. त्यामुळे तो असतो हेच पुष्कळांना माहीत नव्हते. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ साली मेंदू व मज्जारज्जू यांभोवतीच्या या द्रवाचे नीट वर्णन केले. १८९१ साली जर्मनीतील कील येथील हाइनरिख क्विंके याने कंबरेच्या मणक्यांतून सुई घालून तो सुरक्षितपणे काढण्याची रीत सांगितली. आज वापरतात ती रीत मुळात हीच.

सुई नेमकी कोठे जाते?

आता मूळ भीतीकडे वळू. भीती अशी की सुई मज्जारज्जूला लागेल आणि पाय जातील. परंतु प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या शेवटापर्यंत पोचतच नाही. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास तो संपतो. त्याच्या खाली आवरणांची पिशवी व तिच्यातील पाणी तेवढे चालू राहते आणि त्या पाण्यात मज्जातंतूंचे सुटे धागे लोंबत असतात. घोड्याच्या शेपटीसारखे दिसतात म्हणून त्यांना अश्वपुच्छ म्हणतात. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये, म्हणजे मज्जारज्जू संपल्यानंतर बरेच खाली. बादलीतल्या पाण्यात सुतळीचे धागे सोडून त्यांत काडी घातली तर धागे बाजूला सरतात. तसेच हे धागे सुईच्या टोकापासून सरकतात.

दुसरी भीती, पाणी संपेल. प्रौढ माणसाचे तपासणीसाठी साधारण १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे पाणी घेतात. ताशी २० मिलिलिटरचा आकडा आठवा. अर्ध्या तासात ती तूट भरून निघते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. सिझेरियनच्या वेळी किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कंबरेत भुलीचे इंजेक्शन देतात. ते कोठे देतात? याच मणक्यांच्या मध्ये, याच पाण्यात. १८९८ साली आउगुस्ट बीर याने ही भूल प्रथम दिली. आपल्या घरांतील कितीतरी सुना-लेकी या सुईला सामोऱ्या जाऊन, बाळ मांडीवर घेऊन, स्वतःच्या पायांनी घरी आल्या आहेत. ज्या सुईला बाळंतिणीच्या वेळी आपण बिनतक्रार सही देतो, तीच सुई तापाच्या रुग्णाच्या वेळी यमदूत कशी ठरते?

येथे दोन खुलासे करतो. फुप्फुसाभोवती पाणी साचले तर तेही पाठीतूनच काढतात. पण ते छातीतले पाणी वेगळे आणि हे वेगळे. शिवाय ही तपासणी अगदी निर्धोक आहे असेही आमचे म्हणणे नाही. काहींना नंतर काही दिवस डोकेदुखी राहते. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो. मेंदूत मोठी गाठ किंवा सूज असेल तर खालून पाणी काढणे धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच डॉक्टर रुग्णाची स्थिती पाहून आधी डोळ्यांचे पडदे तपासतात किंवा सीटी स्कॅन करतात. रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडलेली असेल तरी ते थांबतात. तात्पर्य, कोणाची तपासणी करू नये हेही शास्त्राला ठाऊक आहे.

उशिराची किंमत

जंतू या आवरणांपर्यंत पोचले की आवरणांना सूज येते. यालाच मेनिंजायटिस म्हणतात; बोलीभाषेत मेंदूज्वर. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे, गुंगी, झटके ही त्याची लक्षणे. मान ताठ होते, कारण मान वाकविली की सुजलेली आवरणे ताणली जातात आणि वेदना होतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, पण त्याच्या बाहेरच्या आवरणाला कळते. तान्ह्या मुलांत मान ताठ होईलच असे नाही. ते दूध सोडते, किरकिरते किंवा निपचित पडते. आपल्या आज्या बाळाच्या टाळूवर रोज तेल घालीत आणि हात फिरवून पाहात. बाळ शांत असताना टाळू फुगून वर आलेली लागली तर आतला दाब वाढल्याची ती खूण असते. जुलाबांनी पाणी कमी झाले तर तीच टाळू खोल जाते.

हा आजार साध्या जिवाणूंमुळे, विषाणूंमुळे, क्षयाच्या जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे होऊ शकतो. वरून लक्षणे सारखी, पण औषधे वेगवेगळी. जिवाणू असतील तर पाणी गढूळ येते, त्यात पू होणाऱ्या पेशी वाढतात आणि साखर घटते. क्षय असेल तर पाणी बहुधा स्वच्छ किंवा किंचित धुरकट दिसते, पेशी वेगळ्या प्रकारच्या असतात, प्रथिने वाढतात, साखर कमी होते. विषाणू असतील तर साखर बहुधा ठीक राहते. हा भेद डोक्याला हात लावून कळत नाही. तो पाण्यातच कळतो.

आमच्या परिचयातील एका घरात काही वर्षांपूर्वी सहावीतील मुलीला बरेच दिवस ताप व डोकेदुखी होती. रुग्णालयात दाखल केल्यावर डॉक्टरांनी पाणी तपासण्यास सांगितले. वडील तयार होते, पण गावाहून आलेल्या वडीलधाऱ्यांनी विरोध केला. अंदाजाने जिवाणूंवरची औषधे सुरू झाली. सहाव्या दिवशी मुलीचा उजवा हात ढिला पडला. सातव्या दिवशी सही झाली, पाणी काढले आणि क्षयाचे निदान झाले. पुढे अनेक महिने औषधे घेऊन मुलगी वाचली, शाळेतही गेली. पण हात पूर्वीसारखा झाला नाही. आजही त्या गावात लोक सांगतात, पाणी काढले म्हणून पोरीचा हात गेला. हात आदल्या दिवशीच गेला होता, हे कोणी सांगत नाही.

आम्हांस वाटते, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाढली असावी. पाणी काढतात ते मुळातच गंभीर असलेल्या रुग्णाचे, आणि तेही आपण उशीर केल्यावर. त्यानंतर जे काही वाईट घडते ते आजाराच्या खात्यावर न पडता सुईच्या खात्यावर पडते. नोंद चुकीच्या खात्यात गेली की पुढचा सगळा ताळेबंद चुकतो.

वाट अडली तर

वर सांगितलेली अरुंद नळी जन्मतःच बंद असली किंवा आजाराने, गाठीने दाबली गेली, अथवा पाणी रक्तात शोषले जाणे थांबले, तर जमा चालू आणि खर्च बंद अशी अवस्था होते. पोकळ्या फुगतात. याला जलशीर्ष म्हणतात. तान्ह्या मुलाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने त्याचे डोके मोठे होत जाते. हा शाप नव्हे, ग्रहणात काही कापल्याचे फळ नव्हे. हा अडलेल्या पाण्याचा प्रश्न आहे आणि त्यावर उपाय आहे. पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी बसवितात आणि तिच्यात एक झडप असते. तिला शंट म्हणतात. काही रुग्णांत दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देतात.

या झडपेची एक कथा सांगण्याजोगी आहे. मुलांचे आवडते ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा १९६० साली न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीची धडक बसून जखमी झाला आणि त्याच्या डोक्यात पाणी साचू लागले. बसविलेली झडप वारंवार तुंबे. डाल यांनी स्टॅन्ली वेड हे कारागीर आणि केनेथ टिल हे शल्यविशारद यांना एकत्र आणले. वेड यांना खेळण्यातील विमानांची इंजिने बनविण्याचा नाद होता. तिघांनी मिळून १९६२ साली सहजी न तुंबणारी झडप तयार केली आणि तिच्यावर नफा घेतला नाही. तोवर डाल यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. ती इतरांच्या मुलांच्या उपयोगी पडली.

आपल्या देशाचेही यात नाव आहे. उत्तर प्रदेशात तयार होणारी छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने फारच स्वस्त आहे. युगांडातील १९५ मुलांवर या दोन प्रकारच्या शंटची तुलना करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभराच्या निकालात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

वृद्धांतही असेच काहीसे घडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विसराळूपणा ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर ते केवळ म्हातारपण असेलच असे नाही. पोकळ्यांत साचलेले पाणी हे कारण असू शकते आणि काही रुग्ण शंटने सुधारतात. १९६५ साली कोलंबियातील सालोमोन हाकिम यांनी सहकाऱ्यांसह हे जगापुढे मांडले.

डोक्याला मार

कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून दृढतानिकेची एक धमनी जाते. तेथे मार बसून ती फुटली तर रक्त हाड आणि आवरण यांच्यामध्ये साचते. असा माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, चहा घेतो, "मला काही झाले नाही" म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. म्हणून मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर "झोपू द्या, बरे वाटेल" असे न म्हणता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. वृद्धांत साधे घसरून पडल्यावरही शिरांमधून हळूहळू रक्त झिरपते आणि लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. दुचाकीवर हेल्मेट का, याचे उत्तर यातच आले.

विद्यार्थ्यांसाठी

हे शास्त्र पूर्ण झाले आहे असे मात्र समजू नये. मेंदूच्या बाहेरच्या आवरणात लसीकावाहिन्या असतात असे पाओलो मास्कान्यी याने १७८७ सालीच लिहिले होते, पण ते विस्मरणात गेले. २०१५ साली अमेरिका व फिनलंड येथील संशोधकांनी उंदरांत त्या पुन्हा दाखवून दिल्या. २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की झोपेत हा द्रव मेंदूतील टाकाऊ द्रव्ये अधिक वेगाने धुऊन नेतो. २०२४ साली दुसऱ्या प्रयोगात उलट निष्कर्ष निघाला आणि वाद अजून चालू आहे. आपल्यापैकी एखाद्या विद्यार्थ्याने त्यात भर घातली तर या स्मरणिकेला अभिमानच वाटेल.

आपल्या हातात काय?

बाळाला जन्मतः बीसीजी लस द्यावी. लहानपणी मेंदूच्या आवरणांना होणाऱ्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते. सहा, दहा व चौदा आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत मेंदूज्वराच्या एका प्रमुख जिवाणूवरील लस असते. न्यूमोकॉकसवरील लसही आता सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळते. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले आहे. या दोषांबरोबर जलशीर्षही वारंवार आढळते.

आणि कधी वेळ आलीच, तर संमतीपत्रापुढे बसून डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पाणी कशाच्या संशयावरून तपासायचे आहे? या रुग्णाला त्यात काही विशेष धोका आहे का? न तपासल्यास काय होऊ शकते? प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे आणि त्यांची उत्तरे देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. उत्तरे ऐकावीत, समजून घ्यावीत आणि मग सही करण्यात वेळ दवडू नये. व्हरांड्यात कोणी "पाणी काढू देऊ नका" म्हणालेच, तर या लेखाच्या एखाद्या वाचकाने त्यांना बाजूला बसवून मज्जारज्जू कोठे संपतो आणि सुई कोठे जाते एवढे सांगावे. तेवढ्याने एखादी सही वेळेत झाली तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.